कळशीभर वहिवाट

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "आत्या, उद्या मधली भिंत पाडायलेत," तो म्हणाला. "तू म्हणली होतीस म्हणून कळवलं. यायचं असलं तर दहाच्या आत ये, नंतर तिथं उभंही राहवणार नाही इतकी धूळ होईल." मी बरं म्हणाले आणि पुन्हा मेथीकडं वळले. थोड्या वेळानं पाहिलं तर काड्या परातीत आणि पानं कचऱ्यात.

बेगमपुऱ्यातलं आमचं घर आणि त्याला लागून असलेलं शेजारचं घर, दोन्ही पाडून तिथं एकच मोठी इमारत होणार आहे. घर पाडण्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. तीन खोल्या, एक अंगण, अंगणात तुळस आणि कोपऱ्यात मोरी, एवढंच ते घर. पावसाळ्यात गळायचं, उन्हाळ्यात भाजायचं. सिडकोतल्या फ्लॅटमध्ये माझं छान चाललंय, उगाच कशाला गळे काढा? पण मधली भिंत म्हटलं की माझं चित्त ठिकाणावर राहत नाही. त्या भिंतीत एक दार होतं.

दार म्हणजे काय, मोठ्या माणसाला वाकूनच जावं लागे एवढं. सागवानी, दोन्ही बाजूंनी लोखंडी कडी. आम्ही त्याला खिडकी म्हणायचो. आमच्या शहरात ती रीतच होती. परकोटाला मोठे दरवाजे तशा लहान खिडक्या, आणि घरांनाही तसंच. खिडकीच्या पलीकडं मेहेरखालाचं घर; खाला म्हणजे मावशी. तिचं अंगण आमच्या दुप्पट आणि मधोमध हौद. डोंगराकडून जमिनीखालून आलेलं नहरीचं पाणी खापराच्या नळातून त्या हौदात पडायचं. दिवसरात्र, बारीक, एकसुरी. मी लहानपणी त्या आवाजावर झोपायची, आणि उन्हाळ्यात कधी तो थांबला की मला जाग यायची.

आमच्या घरात पाणी नव्हतं. आई रोज सकाळी सोवळ्यात, कळशी काखेला लावून खिडकीतून खालाच्या अंगणात जायची. आमच्या आळीतल्या दोघीतिघींनी यावर नाकं मुरडली, मुसलमानाच्या घरचं पाणी म्हणून. आईचं उत्तर ठरलेलं होतं. "वाहत्या पाण्याला विटाळ नसतो." म्हणून ती हौदातलं पाणी घ्यायची नाही, नळाच्या तोंडाला कळशी लावायची. तिथून दोन हात खाली हौदात पडलं की ते पाणी खालाचं, त्याआधी ते नुसतं वाहतं. आईची ही सरहद्द खालानं कधी मोडली नाही. उलट आई येताना दिसली की ती स्वतः नळाखालची आपली बादली बाजूला सारायची.

खिडकीच्या कड्या दोन्हीकडून उघड्याच असत. तरी कुणी एकदम आत शिरत नसे, कारण खालाच्या घरी पडदा होता आणि आमच्याकडं सोवळं. म्हणून उंबरठ्याशी थांबून हाक द्यायची. ही हाक कुणी सुरू केली ते मला माहीत नाही, पण ती उलटी होती. आई खालाच्या बोलीत विचारायची, "आपा, राह है?" आणि आतून खाला आईच्या बोलीत म्हणायची, "हाय बाई, या." खालाला इकडं यायचं असलं की ती विचारायची, "बाई, वाट हाय का?" आणि आई चुलीपुढून म्हणायची, "है आपा, आव." दोघींचे उच्चार इतके वाईट होते, की वडील ऐकत बसायचे आणि हसायचे.

माझे वडील तहसिलीत नक्कलकार होते. पोलिस अ‍ॅक्शन झाली, निजाम गेला, आणि कचेरीतले उर्दू कागद मराठीत उतरवायचं काम निघालं. वडिलांना उर्दू, मोडी, मराठी तिन्ही येत असल्यामुळं त्यांच्या वाट्याला ढीगच्या ढीग आले. बाद झालेले जुने छापील कागद ते घरी आणत आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर शब्द लिहीत. एकेका शब्दाला एकेक कागद. तो शब्द कुठून आला, कसा बदलला, लोक तो कशाकशाला वापरतात. हे छापायचं वगैरे काही मनात नव्हतं. कुणाला तंबाखू लागते, त्यांना हे लागायचं.

'वाट' या शब्दाला एक कागद पुरला नाही. संध्याकाळी अंगणात सतरंजीवर बसून ते मला वाचून दाखवायचे, ते अजून जवळजवळ पाठ आहे. मुळात संस्कृत 'वर्त्म'. वृत् म्हणजे वळणं, फिरणं. गाडीची चाकं फिरून फिरून जमिनीवर जी रेघ उमटते ते वर्त्म. प्राकृतात घासून त्याचं 'वट्ट' झालं, आणि आपण आणखी घासून 'वाट' केलं. मग पायवाट, आडवाट, पळवाट, चोरवाट. वाट वाकडी करून भेटायला जातात, वाट फुटेल तिकडं पळतात, नको त्याच्या वाटेला जाऊ नये म्हणतात. आणि माणूस येणार असला की त्याची वाट पाहतात. "बघ हं," वडील म्हणायचे, "येणारा दिसत नसतो, म्हणून वाटच पाहायची. उर्दूतही तेच. राह देखना. दोन्हीकडच्या बाया रस्त्याकडंच बघत बसल्या असतील."

"वाट कुणी बनवली?" मी एकदा विचारलं.

"कुणीच नाही. माणसं गेली की होते."

"आणि नाही गेली तर?"

"मोडते," ते म्हणाले. "गवत वाढतं आणि मोडते."

मग त्यांनी मला 'वहिवाट' सांगितली, कारण दिवसभर कचेरीत तिचीच भांडणं ऐकून आलेले असत. शेजाऱ्याच्या जागेतून तुम्ही वर्षानुवर्षं बिनहरकत जात असाल, तर ती तुमची वहिवाट. कागद असो नसो. जाणं थांबवलंत की हक्क पातळ होत जातो. "वाहती असेल ती वहिवाट," असा अर्थ त्यांनी स्वतःच लावला होता आणि पुढं प्रश्नचिन्ह घातलं होतं. खरंखोटं जाणकारांनी ठरवावं. मला मात्र तेव्हा ते हौदाच्या नळासारखं वाटलं आणि पटून गेलं.

त्या खिडकीतून काय काय जायचं! दिवाळीत फराळाचं ताट, संक्रांतीला तिळगूळ, होळीला पुरणपोळी तिकडं. ईदला तिकडून शेवया, साखर, खारका, बदाम इकडं, सगळं कोरडं. शिजवलेलं काही खाला पाठवायची नाही, कारण आईला ते चालणार नाही हे तिला न सांगता माहीत होतं. आईचं शिजलेलं मात्र तिच्याकडं चालायचं. वाट एकच, पण दोन्हीकडून सारखी नव्हती. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी खुशाल तिच्या स्वयंपाकघरात बसून शीरखुर्मा ओरपायची. तिच्या ओढणीला उदाचा वास यायचा. तिला मूल नव्हतं. माझ्या वेण्या घालायला आईपेक्षा तिचा हात हलका होता. तोंड पुसून घरी आले तरी आईला कळायचंच, पण ती दुसरीकडं बघायची.

माणसंही गेली त्या खिडकीतून. मी पाचेक वर्षांची असेन. रझाकारांच्या दिवसांत आईनं मला उचलून तिकडं नेलं, आणि खालाच्या आतल्या खोलीत रजयांच्या ढिगामागं आम्ही बसून राहिलो. तोंडावर आईचा हात, हाताला हळदीचा वास. मग अ‍ॅक्शन झाली आणि थोड्याच दिवसांत आई जाऊन खाला आणि तिच्या यजमानांना, खालूंना, घेऊन आली; ते आमच्या देवघरालगतच्या खोलीत बसले. यावेळी तोंडावर हात खालूंचा, स्वतःच्याच. दोन्ही वेळा बाहेर काय चाललं होतं ते मला कुणी नीट सांगितलं नाही आणि मीही पुढं विचारलं नाही. आईनं मात्र दोन्ही वेळा हाक दिली होती हे मला आठवतं. अगदी हळू. "राह है?"

खालू निजामाच्या जकात खात्यात मुन्शी होते. भाषावार प्रांत झाले तेव्हा कारकुनांची वाटणी झाली आणि ते हैदराबादच्या बाजूला गेले. मी तेव्हा तेरा वर्षांची. टांगा मकई दरवाजाकडं तोंड करून उभा होता, ट्रंका चढल्या होत्या, आणि खालाचा पत्ता नव्हता. ती आमच्या स्वयंपाकघरात होती, खिडकीतून आली होती. आईचे दोन्ही हात हातात धरून म्हणाली, "मैं आती बाई. जरूर आती. तब तक राह बंद नको होने देव."

"नाही होऊ देणार," आई म्हणाली. "माझ्या गळ्याची शपथ."

खाला आली तशी वाकून परत गेली आणि मग तिकडच्या मोठ्या दारानं टांग्यात बसली. मी रडले, आई रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कळशी घेतली आणि निघाली.

उंबरठ्याशी थांबून तिनं हाक दिली, "आपा, राह है?" पलीकडं कुणी नव्हतं. जरा थांबून तिनंच उत्तर दिलं, "हाय बाई, या." आणि गेली. रोज असंच. मला याची इतकी लाज वाटायची! माझ्या मैत्रिणी असल्या की मी मोठ्यानं काहीतरी बोलायला लागायची, आईचं आईशी चाललेलं बोलणं त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

वर्षभरात आळीत नगरपालिकेचा नळ आला. आमच्या मोरीतच तोटी. हौदाच्या नळाची धार तोवर करंगळीएवढी झाली होती, हौदात शेवाळ. बाकी साऱ्या घरांनी नहरीचा नाद सोडला. आई मात्र रोज एक कळशी आणायचीच. ते पाणी ती तुळशीला घालायची. वडील म्हणाले, "अगं, मोरीत नळ आहे." आई म्हणाली, "पाण्यासाठी कोण जायलंय?"

खालाचं घर खालूंच्या कुणा नातेवाइकानं एका कापडवाल्याला विकलं. गुलमंडीत त्याचं दुकान होतं आणि इथं त्याला गठ्ठे ठेवायला जागा हवी होती. माणूस वाईट नव्हता. खिडकी बघून म्हणाला, "मधून दार नको, माल असतो. पण तुमची वहिवाट असेल तर मी हात लावणार नाही." आई म्हणाली, "आहे." तो म्हणाला, "बरं."

त्याच सुमारास पैठणहून निरोप आला, माझी आजी अंथरुणाला खिळली म्हणून. आई निघाली. जाताना तिनं घर माझ्यावर सोपवलं, स्वयंपाक, वडिलांचा डबा, देवपूजा, आणि दारात उभं राहून शेवटी म्हणाली, "रोज एक कळशी. ओतून दिलीस तरी चालंल, पण जा. तू गेलीस म्हणजे मीच गेले."

पाच दिवस मी गेले.

काय होतं तिथं? काहीच नव्हतं, हेच होतं. ज्या ओट्यावर बसून मी वेण्या घालून घ्यायची तिथं तागाचे गठ्ठे. स्वयंपाकघराला कुलूप. जाळीत पारव्यांची घाण, आणि उदाचा वास जिथं असायचा तिथं कोऱ्या कापडाची खळ. पहिल्या दिवशी मी सवयीनं हाक दिली, "राह है?" आणि थांबले. आईसारखं स्वतःच उत्तर देणं मला जमेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी. पाचव्या दिवशी विचारलं आणि कुणी काही बोललं नाही, तेव्हा मला हुंदकाच आला आणि मी कळशी अर्धीच भरून पळत आले.

सहाव्या दिवशी मी उंबरठ्यापर्यंत गेले आणि मोरीतल्या नळाखाली कळशी भरली. सातव्या दिवशीही. मग उंबरठ्यापर्यंतही नाही. आई सव्वा महिन्यानं आली, आजीचं सगळं उरकून, डोळे खोल गेलेली. पाय धुता धुता तिनं पहिलं हेच विचारलं, "गेल्तीस ना रोज?"

"गेले होते," मी म्हणाले.

आठवड्यानं कापडवाला आला. त्याच्या गठ्ठ्यांसाठी पलीकडं रस्त्याच्या दारात रोज एक म्हातारा राखणदार बसायचा. त्यानं सांगितलं होतं, की महिनाभर त्या दारातून कुणी आलं नाही. मग भिंत घालू का, एवढंच तो विचारत होता. आई उसळली. "माझी लेक रोज जात होती!" म्हणाली. बोलणं वाढू नये म्हणून आळीतल्या अमीनसाहेबांना बोलावलं. जमीन मोजण्यात त्यांची हयात गेली होती, आणि आळीत दोन्ही जमातींची माणसं त्यांचा शब्द मानायची. ते आमच्या अंगणात खुर्चीवर बसले, वडील बाजूला उभे. अमीनसाहेब खिडकीपाशी गेले, वाकून उंबरठ्याचा दगड बघितला, बोटानं चाचपला. मधोमध तो झिजून खोलगट झाला होता. "राह तो पुरानी है," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "बेटा, बाई नहीं थे तब तू रोज जाती थी?"

आईनं माझ्याकडं बघितलंही नाही, इतकी तिची खात्री होती.

मी वडिलांकडं बघितलं. दिवसभर ते लोकांचे कागद जसेच्या तसे उतरवून काढायचे. एक काना इकडचा तिकडं होऊ द्यायचे नाहीत. त्यांच्यासमोर मला खोटं बोलता येईना. मी म्हणाले, "पाच दिवस गेले. मग नाही गेले."

कापडवाल्यानं मान खाली घातली. अमीनसाहेबांनी आईकडं बघून हात जोडले. "बाई, अब मैं क्या बोलूँ?"

दुसऱ्या दिवशी पलीकडून थापीचा आवाज येत होता. आई इकडून दाराजवळ उभी राहून ऐकत होती. दुपारी थापी थांबली. संध्याकाळी तिनं मला एकच विचारलं, "कुठवर गेल्तीस?"

"उंबरठ्यापर्यंत."

"बरं केलंस खरं बोललीस," ती म्हणाली, आणि भाकरी थापायला बसली. मारलं असतं तर बरं झालं असतं. पुढं मी शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. पोरींना वाट, वहिवाट, वाटसरू सगळं शिकवलं, नेहमी खरं बोलावं हेही शिकवलं. ते वाक्य मात्र मी कधी फळ्याकडं तोंड केल्याशिवाय म्हणू शकले नाही.

आमच्या बाजूचं दार तसंच राहिलं, मागं विटा असलेलं. आईनं त्याच्यासमोर कधी ट्रंक ठेवू दिली नाही, खिळा ठोकून कॅलेंडर लावू दिलं नाही. दिवाळीला त्या उंबरठ्यावर हळदकुंकू वाहायची.

आणि खाला आली. म्हणाली होती तशी आली, सहासात वर्षांनी, कुणा भाचीच्या लग्नाला. मी कॉलेजात होते, घरी होते. आई चुलीपाशी. एकदम आवाज आला, "बाई, वाट हाय का?"

आई उठली ती थेट खिडकीकडं धावली. "है आपा, आव!" म्हणत तिनं कडी काढली, दार ओढलं, आणि समोर विटा. कडी हातात धरून ती तशीच उभी राहिली. हाक पुन्हा आली, आमच्या रस्त्याकडच्या दारातून. खाला तिथं बुरख्यात उभी होती. इतक्या वर्षांच्या शेजारात ती त्या दारानं कधी आली नव्हती.

दोघींना कसं बसावं ते कळेना. आईनं पाहुणीसारखा तिला पाट दिला. खाला पाहुणीसारखी अंग चोरून बसली. तिची नजर फिरत फिरत खिडकीवर गेली, उघड्या दारामागच्या विटांवर थांबली. आईच म्हणाली, "मला नाही राखता आलं आपा. माझ्याच हातून गेलं."

मी चहाचा ट्रे घेऊन मागं उभी होते. हिच्या हातून नाही, माझ्या हातून, एवढंच म्हणायचं होतं. अमीनसाहेबांपुढं, परक्या माणसापुढं, माझ्या तोंडून खरं फटकन निघालं होतं. इथं, जिला ते सांगायचं होतं तिच्यासमोर, निघालं नाही. चहा निवला.

"नल आ गया बाई," खाला म्हणाली. "पानी को कौन जाता फिर?" आणि आईचा हात तिनं हातात घेतला, टांग्याच्या दिवशी घेतला होता तसा. मग पिशवीतून डबा काढला. खुबानीचं मिठं, जर्दाळूचं गोड, तिनं स्वतः शिजवलेलं. काढला आणि स्वतःच थबकली, इतक्या वर्षांत विसरलेच की असं तिच्या चेहऱ्यावर आलं. ती झाकण लावायला गेली तर आईनं तिचा हात धरला. चमचा मागितला आणि तिच्यासमोर खाल्लं. दोन चमचे. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि खात होती. खाला बघत राहिली.

त्यानंतर ती आली नाही. तिच्या जाण्याचं कार्ड आलं उर्दूत. वडिलांनी ते वाचलं आणि शब्दन् शब्द मराठीत उतरवून आईला ऐकवलं. आता वडील नाहीत, आई नाही. शब्दांचे ते कागद वाळवीनं खाल्ले, वाटेचा कागद तेवढा माझ्याजवळ आहे. शहराचं नाव बदललं. मकई दरवाजातून गाडी काढायला अर्धा तास लागतो.

आज सकाळी गेले तेव्हा पिशवीत आईची पितळी कळशी होती. पुतण्या म्हणाला, "आत्या, हे कशाला आणलंस?" मी म्हणाले, "असू दे." ऐंशी वर्षांच्या बाईला फार विचारत नाहीत, म्हातारपणाची तेवढी एक सोय.

भिंत वरून उतरवायला घेतली होती. खिडकीमागच्या विटा निघाल्या होत्या आणि चौकट तेवढी उभी होती, पलीकडं धूळच धूळ. उंबरठ्याचा दगड जागेवर. मी पुतण्याच्या खांद्याला धरून वाकले आणि हात फिरवला. खोलगट भाग अजून गुळगुळीत होता. पुतण्या म्हणाला, "आत्या, पडशील, जाऊ नकोस पलीकडं."

मी कळशी काखेला लावली. आणि काय झालं कुणास ठाऊक, तोंडातून निघून गेलं, "राह है?"

सहावा दिवस असल्यासारखी मी उंबरठ्याशीच थांबले. धुळीतून घमेल्याचा आवाज आला, मग कामावरल्या कुणा बाईचा, वैतागलेला, पदर तोंडावर धरलेला असावा असा.

"हाय की माय, या! जरा खाली बगून या, ईटा हायत्या."

मी वाकले आणि गेले. हौद विटामातीच्या राबिटानं भरला होता, नळाचं तोंड कधीच फुटलं होतं. ओटा दिसत नव्हता. ती बाई चाळिशीची असेल, डोक्याला फडकं, भुवयांवर पांढरी धूळ. माझ्या कळशीकडं बघून म्हणाली, "पाणी पायजे व्हय? आमच्या पिंपातलं चालंल का तुमाला?"

"चालेल," मी म्हणाले. "कुणाचंही चालेल."

तिनं मगानं चार मग ओतले. पूर्ण भरलेली मला आता उचलवत नाही. अर्धी कळशी काखेला घेऊन मी त्याच उंबरठ्यावरून परत आले. तुळशीचं वृंदावन कालच पाडलं होतं, नुसती माती होती. तिथं पाणी ओतलं आणि त्या मातीकडं बघत म्हणाले,

"गेले होते गं आई."